गाठ थोडी उरली तर?



लहान मुलांच्या मानेत काही गाठी अशा होतात की त्या कर्करोगाच्या नसतात, रक्तातून दुसऱ्या अवयवांत पसरत नाहीत, आणि तरीही वर्षानुवर्षे त्या मुलाची आणि त्याच्या घराची पाठ सोडत नाहीत. काढल्या तरी पुन्हा येतात. पुन्हा काढल्या तर पुन्हा येतात, आणि दर खेपेला मानेतले एखादे मोलाचे काही गमवावे लागण्याचा धोका वाढत जातो. हा विषय डॉक्टरांच्या परिषदेतला आहे, जाहीर व्याख्यानाचा नाही, असे कुणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. या गाठींपैकी जास्त आढळणारी गाठ लसिकावाहिन्यांची. आपल्याकडच्या रुग्णालयांत तिला आजही सर्रास ‘सिस्टिक हायग्रोमा’ म्हणतात. ती दर काही हजार जन्मांमागे एखाद्या मुलात आढळते. महाराष्ट्रात वर्षाकाठी जन्मणारी मुले लाखांनी मोजावी लागतात. तेव्हा दुर्मीळ म्हटला तरी हा आजार दर वर्षी आपल्याच राज्यात शेकडो नव्या घरांत शिरत असणार. त्या घरांना बाळ काही दिवसांचे असतानाच मोठे निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यासाठी लागणारी समज त्यांच्यापर्यंत बहुधा कुणी पोहोचवलेली नसते.

माझे प्रतिपादन असे आहे. या गाठींच्या उपचाराचे यश आपण गाठ किती निघाली यावर मोजत आलो आहोत, आणि ते माप चुकीचे आहे. मूल मोकळा श्वास घेते का, घास गिळते का, त्याची जीभ, आवाज, हसू आणि खांदा शाबूत आहेत का, ते इतर मुलांबरोबर शाळेत बसते का, यावर यश मोजले पाहिजे. असे मोजू लागलो की पहिला उपचार कोणता, पुढचा क्रम काय आणि थांबायचे कुठे, ही तिन्ही उत्तरे बदलतात. काही मुलांच्या मानेत गाठीचा काही भाग जाणूनबुजून मागे ठेवणे हाच उत्तम उपचार ठरतो. हे ऐकायला खटकते याची मला कल्पना आहे, म्हणूनच आधी पुरावा मांडतो आणि मग आक्षेपांकडे वळतो.

सुरुवात मानेपासूनच केली पाहिजे, कारण हीच गाठ मांडीत किंवा पाठीवर असती तर हा वाद इतका तीव्र झाला नसता. तान्ह्या बाळाची मान बोटांच्या चिमटीत मावेल एवढी आखूड असते. तेवढ्या जागेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या आणि तिथून परत आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या जातात. त्यांच्या शेजारून स्वरयंत्राला चालवणारी नस जाते. ती दुखावली तर आवाज बसतो, आणि दोन्ही बाजूंच्या नसा दुखावल्या तर श्वासच अडतो. जबड्याच्या कडेखालून चेहऱ्याच्या नसेची एक बारीक फांदी जाते. ती तुटली की मूल हसताना खालचा ओठ एका बाजूला सरकत नाही आणि हसू कायमचे तिरके होते. जिभेला हलवणारी नस, खांदा उचलणारी नस, श्वासपटलाची नस, हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे, सगळे याच भागात. मोठ्या माणसात या नसांना स्नायूंचा आणि हाडांचा थोडा आडोसा असतो. बाळाच्या कानामागचे हाड अजून वाढलेले नसते, म्हणून चेहऱ्याची नस त्वचेच्या अगदी जवळ असते. ही सारी व्यवस्था गाठीने आणखी विस्कटून टाकलेली असते. नस नेहमीच्या ठिकाणी सापडत नाही. कधी ती गाठीवर ताणलेली असते, कधी गाठीच्या आरपार गेलेली असते.

आता ही गाठ म्हणजे काय ते पाहू. शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीला लसिकावाहिन्यांचे जाळे असते. पेशींच्या भोवती साचणारा द्रव ते गोळा करते आणि मानेच्या तळाशी पुन्हा रक्तात सोडते. गर्भात हे जाळे तयार होत असताना त्याचा एखादा भाग बिघडतो, मूळ प्रवाहाला नीट जोडला जात नाही, आणि द्रवाने भरलेल्या पिशव्यांच्या रूपात वाढत राहतो. अशा गाठींपैकी सुमारे तीन चतुर्थांश डोके आणि मान यांच्या भागात आढळतात. निम्म्याहून अधिक जन्मतःच दिसतात आणि बहुतेक सगळ्या वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत लक्षात येतात. त्यांचे दोन प्रकार ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. एका प्रकारात पिशव्या मोठ्या, सुट्या आणि पातळ भिंतींच्या असतात. त्या बहुधा मानेच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला असतात. दुसऱ्यात पिशव्या इतक्या बारीक असतात की सगळा भाग पाण्यात भिजलेल्या स्पंजासारखा होतो. हा प्रकार जबड्याखाली, तोंडाच्या तळाशी, जिभेत आणि गालात मुरलेला असतो. पहिल्या प्रकाराला निदान काही एक कडा असते. दुसऱ्याला आवरण नाही आणि सीमाही नाही. स्नायू, ग्रंथी आणि नसा यांच्या आत-बाहेर तो विणला गेलेला असतो. शस्त्रवैद्याने जिथे हात थांबवला, त्याच्या पलीकडे उरलेल्या वाहिन्या पुन्हा भरतात, कापलेल्या वाहिन्यांतून पाझरणारा द्रव साठतो, आणि काही महिन्यांत गाठ परत आली असे आईवडिलांना दिसते. खरे तर ती पूर्णपणे गेलेलीच नसते.

या फरकाची किंमत १९९५ साली अमेरिकेत डी सेर्स आणि सहकाऱ्यांनी आकड्यांत मांडली. त्यांनी गाठींची वर्गवारी दोन साध्या प्रश्नांवर केली: गाठ जिभेखालच्या हायॉइड या छोट्या हाडाच्या वर आहे की खाली, आणि मानेच्या एकाच बाजूला आहे की दोन्ही. एका बाजूला आणि हाडाच्या खाली असलेल्या गाठींत गुंतागुंतीचे प्रमाण १७ टक्के निघाले. दोन्ही बाजूंना आणि हाडाच्या वर-खाली पसरलेल्या गाठींत ते १०० टक्के होते. दोन्ही गटांतील गाठी कर्करोगाच्या नव्हत्या, दोन्हींच्या अहवालावर एकच नाव लिहिलेले होते. रोगाचे नाव सांगून मुलाचे भवितव्य सांगता येत नाही, जागा सांगावी लागते, हे या वर्गवारीने ठामपणे दाखवले. आजही एखाद्या पालकाने डॉक्टरांना पहिला प्रश्न कोणता विचारावा असे मला कुणी विचारले, तर मी हाच सांगेन: पिशव्या मोठ्या आहेत की बारीक, आणि हाडाच्या वर आहेत की खाली?

उपचारांचा इतिहासही या माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून उभा राहतो. गाठ नाहीशी करणे हेच एकमेव ध्येय धरले की माणूस कुठवर जातो, ते त्यात दिसते. सुरुवातीच्या काळात शल्यक्रियेत मुले दगावत, म्हणून डॉक्टरांनी गाठीत उकळते पाणी आणि नाना दाहक रसायने टोचून पाहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेडियम आणि क्ष-किरण आले, आणि मुलांच्या मानेतील आणि तिच्या आसपासच्या, कर्करोग नसलेल्या विकारांवर ते मोकळ्या हाताने वापरले गेले. लसिकेच्या गाठी त्यांत होत्या, वाढलेले टॉन्सिल होते, छातीच्या वरच्या भागातील थायमस ग्रंथीही होती. गाठी काही वेळा आकसल्या. १९५० साली डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना तान्हेपणी असे किरण दिले गेल्याचे आढळले. पुढच्या दशकांतील अभ्यासांनी हा संबंध पक्का केला. कर्करोग नसलेल्या आजारासाठी मुलांना कर्करोग दिला गेला, आणि तो देणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांच्यासमोर गाठ होती आणि ती किती घटली एवढेच माप होते. पन्नास वर्षे जगायचे असलेले मूल त्या मापात कुठे बसतच नव्हते.

विचारात खरा पालट १९८२ साली झाला. बोस्टनचे मलिकन आणि ग्लोवाकी यांनी मुलांमधील वाहिन्यांच्या गाठींचे दोन वेगळे वर्ग पाडले. एका वर्गात पेशी जोमाने वाढतात आणि पुढे बहुधा आपसूक ओसरतात. दुसऱ्यात पेशींची तशी बेफाम वाढ नसते, वाहिन्यांची रचनाच चुकलेली असते आणि ती मुलाबरोबर मोठी होते. लसिकेची गाठ दुसऱ्या वर्गातली. याचा व्यवहारातला परिणाम मोठा होता. वाढणारा शत्रू पेशीपेशीने संपवावा लागतो, पण चुकलेली रचना त्रास देईनाशी केली तरी काम भागते. १९८७ साली क्योटोचे शुहेई ओगिता यांनी ओके-४३२ हे औषध गाठीत टोचून उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. पेनिसिलिनने निष्प्रभ केलेल्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंपासून ते बनवलेले आहे. ते टोचल्यावर ताप येतो, गाठ सुजते, आणि मग पिशव्यांच्या भिंती आतून चिकटून आकसतात. भोवतालच्या नसांना सहसा धक्का लागत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात मोठ्या पिशव्यांच्या गाठींपैकी ९४ टक्क्यांनी या औषधाला प्रतिसाद दिला. बारीक पिशव्यांच्या गाठींपैकी एकीनेही दिला नाही. इतका स्वच्छ फरक वैद्यकात क्वचित पाहायला मिळतो.

भारतात ओके-४३२ सहज मिळत नाही. आपल्याकडे त्याची जागा ब्लिओमायसिनने घेतली. हे औषधही जपानचेच. हामाओ उमेझावा यांनी १९६०च्या दशकात मातीतील जिवाणूपासून ते शोधले, कर्करोगासाठी. पुढे ते लसिकेच्या गाठीत टोचले जाऊ लागले, आणि स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असल्याने आपल्या सरकारी रुग्णालयांतील बालशल्यविशारदांनी ते भरपूर वापरले व त्यावर लिहिले. त्याचा मोठा धोका फुप्फुसांना असतो, म्हणून एकूण किती मात्रा गेली याचा हिशेब मुलाच्या कागदपत्रांत जन्मभर राहिला पाहिजे. ही नोंद जर एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाताना हरवली, तर स्वस्त औषध महागात पडेल.

बारीक पिशव्यांच्या गाठींचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला होता, आणि त्याचे उत्तर अगदी अनपेक्षित दिशेने आले. १९६४ साली कॅनडातून गेलेल्या एका मोहिमेने पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरची, म्हणजे रापा नुईची, माती गोळा केली. मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेन सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मातीतील जिवाणूपासून एक बुरशीनाशक वेगळे केले. सहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून वाचवले. बेटाच्या नावावरून रापामायसिन म्हटले गेलेले हे औषध, आजचे सिरोलिमस, १९९९ साली मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अमेरिकेत मान्य झाले. पेशींना वाढीचा हुकूम देणाऱ्या साखळीतील एक कडी ते अडवते. आणि २०१५ साली स्पष्ट झाले की लसिकेच्या बहुसंख्य गाठींमध्ये याच साखळीतील, पण वरच्या टोकाच्या, पीआयके३सीए या जनुकात बदल झालेला असतो.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती औषधापेक्षाही काही घरांना जास्त आधार देईल. जनुकातला हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. गर्भ रुजल्यानंतर, त्याच्या पेशी वाढत असताना, एका पेशीत तो घडतो आणि तिच्यापासून झालेल्या पेशींपुरता राहतो. म्हणून तो मुलाच्या मानेत सापडतो आणि त्याच्या रक्तात बहुधा सापडत नाही. आणि म्हणूनच पुढच्या बाळाला तो होण्याची भीती जवळजवळ नसते. आपल्याकडे अशा बाळाच्या आईला ग्रहणात काय चिरलेस, काय शिवलेस, असे आजही विचारले जाते. सासरच्या आणि माहेरच्या सगळ्यांनी हे नीट ऐकावे: तिने काही केले म्हणून हे झाले नाही, आणि काही टाळून ते टळले नसते.

सिरोलिमसचा पुरावा मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे, कारण माझ्या प्रतिपादनाचा गाभा त्यातच आहे. २०१६ साली अॅडम्स आणि सहकाऱ्यांनी वाहिन्यांच्या गुंतागुंतीच्या विकारांच्या ६१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे मूल्यमापन पूर्ण झाले अशा ५७ जणांपैकी ४७ जणांत अंशतः सुधारणा झाली. पूर्ण बरे कुणीही झाले नाही. गाठ नाहीशी होणे हेच यश असेल, तर या चाचणीचा निकाल शून्य आहे. पुढे २०२१ साली फ्रान्समधील एका चाचणीने ६ ते १८ वयाच्या ५९ मुलांत औषध घेतानाच्या आणि न घेतानाच्या काळाची तुलना केली. एमआरआयवर मोजलेल्या आकारमानात सगळी मुले एकत्र धरता ठळक फरक दिसला नाही. निव्वळ लसिकेच्या विकारात तो जास्त दिसला. पण वेदना, रक्तस्राव, द्रव पाझरणे आणि रोजचे जगणे यांत सुधारणा झाली. मशीन म्हणते फारसा फरक नाही, मूल म्हणते बरे वाटते. यातले कोणते माप खरे धरायचे? एमआरआय खोटे बोलत नाही. ते आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, आणि मुलासाठी महत्त्वाचा प्रश्न आपण त्याला विचारलेलाच नव्हता.

लसिकेच्या गाठीवरून काढलेला हा निष्कर्ष त्या एका आजारापुरता तर नाही ना, हे तपासायला आणखी एक गाठ घेऊ. डेस्मॉइड ही तंतुमय ऊतीची गाठ. ती लसिकेच्या गाठीहून पुष्कळच दुर्मीळ असते, मानेतही होते, हाताला दगडासारखी कठीण लागते, आणि इतर अवयवांत पसरत नसली तरी भोवतालच्या स्नायूंत व नसांत घुसते. इथे पेशी खरोखर वाढतात. म्हणजे ती अगदी वेगळ्या घरातली. अनेक दशके तिच्यावर एकच उपाय होता: भोवतालच्या निरोगी भागासह रुंद काढून टाकणे. मानेत रुंद काढणे म्हणजे काय, हे मी मघाशी नसांची नावे घेताना सांगितले. इतके करूनही ती परत येई, आणि कडा स्वच्छ निघालेल्यांतही परत येई. २०१८ साली गाउंडर आणि सहकाऱ्यांनी प्रौढांमधील चाचणीत सोराफेनिब या औषधाची नकली गोळीशी तुलना केली. औषध घेणाऱ्या ३३ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय घटल्या. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २० टक्के रुग्णांच्याही घटल्या. म्हणजे पाचातली एक गाठ काहीच न करता आकसली. २०२० साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात पहिली पायरी म्हणून लक्ष ठेवून थांबणे सांगितले, ते अशाच अनुभवांच्या आधारावर. मात्र डोके-मानेच्या गाठींबाबत सावधगिरी हवी: गाठ श्वासमार्गाकडे सरकत असेल तर लवकर औषध सुरू करावे लागते, आणि मुलांमध्ये मेथोट्रेक्सेट व व्हिनब्लास्टिन यांच्या हलक्या मात्रांचा दीर्घ अनुभव त्यासाठी उपलब्ध आहे. दोन गाठी, दोन वेगळी कारणे, आणि तरी उत्तर एकाच दिशेने जाते.

आता आक्षेप. सर्वांत बळकट आक्षेप शल्यविशारदांचा आहे, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. ते म्हणतील, पुनरुद्भवाचे उत्तर अर्धवट शस्त्रक्रिया नसून अधिक चांगली शस्त्रक्रिया हे आहे. त्यांच्याकडे उत्तम उदाहरणही आहे. थायरॉइड ग्रंथी गर्भात जिभेच्या मुळापासून खाली उतरते. तिच्या वाटेचा अवशेष राहिला की मानेच्या मधोमध गाठ होते, आणि मूल जीभ बाहेर काढते तेव्हा ती वर सरकते. नुसती गाठ काढली की ती वारंवार परत येई. १९२० साली मेयो क्लिनिकच्या वॉल्टर सिस्ट्रंक यांनी गाठीबरोबर हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतची वाट काढण्याची पद्धत मांडली, आणि परत येण्याचे प्रमाण दहात एकाहूनही खाली आले. हे सर्वस्वी मान्य. पण सिस्ट्रंक यांना यश का मिळाले? गाठीची वाट ठाऊक होती, ती एका रेषेत होती, आणि ती काढताना मुलाचे काही बिघडत नव्हते. या तीन अटी पुऱ्या होतात तिथे सुरी हाच पहिला उपचार असावा; मानेच्या खालच्या भागातील मोठ्या पिशव्यांची सुटी गाठ अनुभवी हातांनी एकदाच काढणे हाही उत्तम मार्ग आहे. जिभेत आणि जबड्याखाली मुरलेल्या बारीक पिशव्यांत यातली एकही अट पुरी होत नाही. तिथे सिस्ट्रंक यांचे नाव घेऊन खोलवर जाणे म्हणजे त्यांच्या पद्धतीचे कारण विसरून फक्त तिचा धीटपणा उचलणे होय.

दुसरा आक्षेप आईवडिलांचा, आणि तो फार मानवी आहे. मुलाच्या अंगात गाठ ठेवायची, आणि उद्या तिचा कॅन्सर झाला तर? लसिकेच्या गाठीचा कर्करोग होत नाही म्हटले तरी चालेल, आणि डेस्मॉइड पसरत नाही. या भीतीला दिलासा देताना एक अट मात्र घातली पाहिजे: निदान पक्के हवे. मानेतल्या गाठी म्हटल्या की आपल्याकडे आधी साध्या संसर्गाने सुजलेल्या ग्रंथी आणि गंडमाळ, म्हणजे क्षयाच्या गाठी, येतात. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, हाही असू शकतो. सोनोग्राफी ही स्वस्त, किरणोत्सर्ग नसलेली तपासणी पिशव्या आहेत की भरीव गाठ आहे ते सांगते, आणि खोली पाहायला एमआरआय लागतो. भरीव गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय थांबा असे कुणी सांगत असेल तर ते मी समर्थन करतो आहे ते थांबणे नव्हे. थांबणे म्हणजे ठरलेल्या तारखांना मोजमाप करणे आणि कोणत्या बदलावर पाऊल उचलायचे ते आधीच लिहून ठेवणे.

तिसरा आक्षेप औषधांचा. सुरी एकदाच इजा करते, औषध वर्षानुवर्षे चालते. तान्ह्या बाळाला प्रतिकारशक्ती दडपणारे सिरोलिमस देणे धोक्याचे नाही का? आहे. त्या औषधावर असलेली तान्ही बाळे संसर्गाने दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून रक्तातील पातळी मोजण्याची सोय, लसीकरणाचा विचार आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, या तीन गोष्टी जिथे शक्य नाहीत तिथे ते सुरू करू नये. डेस्मॉइडसाठी २०२३ साली अमेरिकेत प्रौढांकरता मान्य झालेल्या निरोगॅसेस्टॅटचेही असेच: चाचणीत मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांपैकी बहुसंख्य जणींच्या बीजकोशाच्या कार्यात बिघाड दिसला. वाढत्या मुलीच्या बाबतीत हे हलक्याने घेण्यासारखे नाही. मी सुरीच्या जागी औषधाला बसवत नाही. दोन्हींना एकच प्रश्न विचारला जावा एवढेच माझे म्हणणे आहे: यातून या मुलाचे कोणते काम सुधारणार, आणि त्याची किंमत काय?

चौथा आक्षेप आपल्या इथला आहे, आणि मला तोच सर्वांत जड वाटतो. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरचे कुटुंब दर महिन्याला मुंबई-नागपूरला कसे येणार? मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, घरी दुसरी मुले असतात. ते पुन्हा येणारच नाहीत, तेव्हा एकदाच जे काय काढायचे ते काढून टाका. या युक्तिवादात करुणा आहे, तरी त्याचा हिशेब उलटा आहे. जे कुटुंब परत येऊ शकत नाही, त्याच्याच मुलाला मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत सर्वांत महाग पडते. श्वासनलिकेला भोक पाडून नळी बसवली तर ती दिवसातून अनेकदा साफ करावी लागते, त्यासाठी यंत्र आणि वीज लागते, आणि नळी तुंबली तर काही मिनिटांचाच अवधी असतो. जन्मताना नाळ तोडण्याआधी श्वासमार्ग सुरक्षित करावा लागणारी मोठी गाठ असेल, तर नळी कधी कधी टळत नाही. पण टाळता येणारी नळी पाड्यावर पाठवणे ही सोय नव्हे. शिवाय गाठ काढली म्हणजे पाठपुरावा संपला हे गृहीतकच खोटे आहे. याच गाठी पुन्हा येतात.

तेव्हा कुटुंबाला रुग्णालयाकडे खेचण्याऐवजी पाठपुरावा त्यांच्या जवळ नेला पाहिजे, आणि त्याची बरीचशी यंत्रणा आपल्याकडे आहे. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासतात. वजन, गिळणे, झोपेतला श्वास, बोलणे आणि गाठीचा घेर, एवढ्या पाच नोंदी त्यांना घेता येतील, आणि सोनोग्राफी जिल्ह्यात होऊ शकते. खरी अडचण पैशाच्या रचनेत आहे. सरकारी विमा योजनांची घडण मुख्यतः ठरावीक प्रक्रियेला ठरावीक रक्कम अशी आहे. शस्त्रक्रिया एका रकमेत बसते. चार वेळा टोचायचे इंजेक्शन, दोन वर्षांचे औषध, रक्ततपासण्या, वाचाउपचार आणि प्रवासभाडे मिळून एक उपचार होतो, हे त्या घडणीत नीट बसत नाही. मग कागदावर जे बसते ते करण्याकडे कल झुकतो. या आजारासाठी वर्षभराच्या देखभालीला धरून रक्कम ठरवणे अवघड नाही, आणि दोन-तीन फेरशस्त्रक्रियांच्या खर्चाशी तिची तुलना करून पाहायला कुणाची हरकत नसावी.

घरात करण्यासारख्या गोष्टीही आहेत. सर्दी-खोकल्यात किंवा दात किडल्याने लसिकेची गाठ अचानक फुगते, कधी तिच्या आत रक्तस्राव होऊन ती एका रात्रीत निळसर आणि टणक होते. म्हणून जिभेत गाठ असलेल्या मुलाच्या दातांची निगा हा उपचाराचाच भाग आहे. सूज आल्यावर घाबरून गाठ चिरायला लावू नये. बहुधा ती औषधांनी आणि थोड्या दिवसांत उतरते. श्वासाला आवाज येऊ लागला, लाळ गिळता येईना, तर मात्र क्षणही घालवू नये. आणि शिक्षकांना एकच विनंती: या मुलाचे बोलणे अस्पष्ट असेल, पण बुद्धी आणि बोलणे यांची गल्लत करून त्याला मागच्या बाकावर बसवू नका.

शेवटी रुग्णालयांसाठी एक अगदी साधी मागणी. शस्त्रक्रियेच्या टिपणात ‘गाठ काढली’ एवढेच लिहिले जाते आणि पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. कोणती नस दिसली, कोणती वाचवली, गाठीचा कोणता भाग कुठे आणि कोणत्या कारणासाठी ठेवला, आजवर कोणते औषध एकूण किती टोचले, हे मराठीत लिहून त्याची प्रत आईवडिलांच्या हातात द्यावी. पुढचा तपास किती महिन्यांनी, आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर बालरुग्ण विभागानंतर कोणत्या विभागात जायचे, हेही त्याच कागदावर असावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा कायदा लागत नाही. येत्या आठवड्यात कोणत्याही रुग्णालयाला हे सुरू करता येईल.